विडंबनगीत फसतं कुठे? या चुका टाळा

विडंबन ऐकून कुणी हसत नसेल तर विनोद तपासायच्या आधी मात्रा, म्हणजे अक्षरांच्या उच्चाराला लागणारा वेळ, मोजा. घोळ बहुधा तिथेच असतो.

मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात. ओळीत 12 अक्षरं, 'लगागा' चार वेळा ('ल' म्हणजे लघू, एका मात्रेचं अक्षर; 'गा' म्हणजे गुरू, दोन मात्रांचं), एकूण 20 मात्रा. त्यावर कुणी लिहितं:

मना, मोबाइल ठेवून आता निजावे

अक्षरं झाली 14, मात्रा 23. 'मो'नंतर लघू हवा, तिथे 'बा' येऊन बसलाय. घाईघाईने म्हणून वेळ मारून नेता येत नाही, कारण मूळ चाल ऐकणाऱ्याच्या डोक्यात चालूच असते. शब्दच बदला:

मना, फोन ठेवून आता निजावे
प्रभाते पुन्हा चार्जरा आठवावे

'पुन्हा'तला 'पु' लघूच धरायचा. जोडाक्षराच्या आघाताने आधीचं अक्षर एरवी गुरू होतं, पण 'न्हा'चा आघात त्याच्यावर येत नाही. 'प्रभाते' हा मुळातला खुणेचा शब्द, तोही ओळीच्या सुरुवातीलाच ठेवलाय. असे खुणेचे शब्द सगळेच उडवले तर विडंबन कशाचं ते कळत नाही, सगळेच ठेवले तर ती नक्कल होते. आणि 'चार्जरा' मुद्दाम: विषय खिशातला, भाषा मठातली. इथे 'चार्जर आठवावा' लिहिलंत तर वृत्त जातं आणि गंमतही.

गायचं असेल तर आणखी एक अडचण. सूर लांबतो तिथे 'आ' किंवा 'ओ' असलेलं अक्षर हवं. 'ट्', 'क्'वर संपणारा शब्द तिथे आला की गाणाऱ्याचा आवाज अडतो.

कवीच्या दिसण्यावर, आजारपणावर घसरणं ही आळशी चूक. 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहात केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, पकडल्या त्या कवितेतल्या लकबी. लाडके शब्द, उसासे, उद्गारचिन्हं यांची आधी यादी करा. त्यातली एकच लकब ताणली तरी पुरते.

लांबीचं म्हणाल तर तीन कडवी खूप झाली. दुसऱ्यात विषय पुढे सरकत नसेल तर पहिल्यावरच थांबा.

कराओके ट्रॅक वापरून चित्रफीत टाकणार असाल तर जपून. भारतात गीताचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा. 'आम्ही शब्द बदललेत' म्हटल्याने ट्रॅक आपला होत नाही. पेटी-तबल्यावर स्वतः वाजवलंत तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न मिटतो, चालीचा उरतोच.