पासिंगला जायच्या आदल्या संध्याकाळी

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की आरसीचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचं, नूतनीकरण तपासणीनंतरच (पासिंग) होतं. आमची सोलापूरची, एमएच-१३ची जुनी गाडी एका ब्रेकलाइटपायी नापास झाली. बल्ब बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण आरसीची मुदत संपली असेल तर दोष किरकोळ असून उपयोग नाही, गावातल्या सात रस्ता चौकापर्यंत नेली तरी ती विनानोंदणीच. पहिल्या वेळी दंड ५ हजारांपर्यंत. अर्ज ६० दिवस आधीपासून करता येतो, तेव्हाच करा. आदल्या संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावा, ब्रेक दाबा, लाल उजेड दोन्हीकडे पडतोय का बघा. वायपरही चालवून पाहा, सोलापूरच्या उन्हात त्याचं रबर पावसाआधीच तडकतं.