कोवर्किंगमध्ये टेबल घेतलंय? मग आवाजाचं एवढं सांभाळा

पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम बेळगावात राहून करणारी पोरंपोरी आता बरीच झालीत, घरात कुकर, टीव्ही, आल्यागेल्याची ऊठबस, म्हणून टिळकवाडी नाहीतर कॅम्पाकडं कुठंतरी कोवर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं भाड्यानं बसतात अशा सामायिक ऑफिसात, टेबल घेतात. आणि तिथं कुरबुर सुरू होते ती बहुतेक वेळा आवाजावरनंच.

आधी एक लक्षात घ्या, त्रास नुसत्या मोठ्या आवाजाचा नसतो, कळणाऱ्या बोलण्याचा जास्त असतो. एसीची घरघर, पंखा, जून-जुलैत पत्र्यावर धो धो पडणारा पाऊस, याची डोक्याला सवय होते. पण शेजारचा "अहो, पेमेंट अजून आलं नाही की" म्हणाला की कान तिकडं जाणारच. आणि आपल्याकडं मराठी, कन्नड, हिंदी बहुतेकांना कळतं, त्यामुळं दुसऱ्या भाषेत बोलतोय म्हणून चालतंय असं इथं नसतं.

म्हणून पहिला नियम हाच ठेवा, दोन मिनिटांपेक्षा मोठा कॉल टेबलावर घ्यायचा नाही. कॉल रूम असेल तर तिथं, नसेल तर जिन्यात, गॅलरीत. कॉल रूमचं दारही नीट ओढून घ्या, दाराखाली बोटभर फट असली तरी त्यातनं बराच आवाज बाहेर येतो.

टेबलावर बोलावंच लागलं तर माईक तोंडाजवळ आणा. लॅपटॉपचा माईक लांब असतो म्हणून माणूस नकळत ओरडतो. साधारण हिशोब असा, माईकचं अंतर निम्मं केलं की त्याला तुमचा आवाज ६ डेसिबलनं जास्त मिळतो, म्हणजे तेवढं हळू बोललं तरी समोरच्याला तेवढंच ऐकू जातं. तोंडापुढं दांडी येणारा साधा वायरचा हेडसेटही यासाठी पुरतो. नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट असला की स्वतःचा आवाज नीट कळत नाही आणि माणूस चढ्या आवाजात बोलतो, म्हणून बोलताना एक कान मोकळा ठेवा. त्या हेडफोनकडनं फार अपेक्षाही नको, एसी-जनरेटरची घरघर तो चांगली मारतो, शेजारच्याचं बोलणं तेवढं नाही.

गोंगाट वाढला की माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये तो मांडला. कोवर्किंगमध्ये हे रोज संध्याकाळी दिसतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०, त्या टायमाला अमेरिकेचे क्लायंटवाले सगळे एकदम कॉलवर येतात, एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचा चढतो, अन् अर्ध्या तासात हॉलचा बाजार होतो. ज्यांचे कॉल रोजचेच आहेत त्यांनी आपसात वेळा ठरवून कॉल रूमच्या दारावर कागद लावावा आणि हॉलची एक बाजू कॉलवाल्यांना देऊन टाकावी, हे मला सगळ्यात कामाचं वाटतं.

बारक्या गोष्टीही सांगतो. प्लायच्या टेबलावर व्हायब्रेट होणारा फोन रिंगपेक्षा वाईट, अख्खं टेबल थरथरतं आणि समोरच्याच्या कोपराला कळतं, फोन रुमालावर ठेवा नाहीतर पूर्ण सायलेंट करा. व्हॉइस नोट, रील स्पीकरवर अजिबात नको. वाढदिवसाचा कुंदा आणला तर टेबलाटेबलावर फिरवू नका, पॅन्ट्रीत ठेवा आणि ग्रुपवर टाका, ज्याला वेळ आहे तो जाऊन खाईल. लाईट गेली की सगळे उठून गप्पा मारायला लागतात, पण बॅटरीवर कुणाचा तरी इंटरव्ह्यू चालू असतो, तेव्हा गप्पा बाहेर.

आता सांगायचं कसं, कारण इथंच सगळे अडतात. मनात साठवून एक दिवस भडकण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगा, पण कॉल संपल्यावर, चारचौघात नको. "सर, जरा हळू बोला की, मला इकडं सगळं ऐकू येतंय" एवढंच. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर "स्वल्प मेल्लग माताड्री" म्हणा, त्याच्या भाषेत सांगितलं की राग येत नाही. वयानं मोठे असतील तर काका, अण्णा, अक्का लावून बोला. दोनदा सांगून फरक नाही पडला तर मॅनेजरकडं जा, त्यानं सगळ्यांसाठी म्हणून नियम सांगितला की कुणा एकाला लागत नाही.

आणि अजून जागा घेतलीच नसेल तर आत जाऊन एकदा टाळी वाजवा, घुमली तर काच आणि फरशी जास्त आहे, पडदे-गालिचा काही नाही, तिथं प्रत्येक शब्द फिरणार. एक दिवसाचा पास घ्या आणि संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत बसून बघा, मगच महिन्याचे पैसे भरा.