खळ्यात 'ओल्ड ॲक्वेन्टन्स' दाखवायचा तर
1943 चा हा कृष्णधवल सिनेमा, 110 मिनिटांचा. पडदा 8 फूट रुंद, 6 फूट उंच घ्या, प्रोजेक्टर 4:3 वर ठेवा. नाहीतर चित्र ताणून बेटी डेव्हिस नि मिरियम हॉपकिन्स या दोघी नायिका फुगलेल्या दिसतात. पडद्याच्या चादरीच्या खालच्या कडेत बांबू ओवा, खारा वारा सुटला की नुसती चादर शिडासारखी फुगते. ही कड जमिनीपासून 3 फूट वर हवी, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्याआड जातात. पडवीतला दिवा बंद. तुळशीपुढची पणती चालेल. कथा 1924 ला सुरू होऊन दोनदा काही वर्षं पुढे उडी मारते; मध्यंतर दुसऱ्या उडीला. किट (डेव्हिस) मिलीला (हॉपकिन्स) गदागदा हलवते तो प्रसंग त्यानंतरच येतो, तेव्हा चहा आधीच आटपा.