हडप्पाचं वर्कशॉप घेताय? मग आदल्या दिवशी एवढं बघून ठेवा

पहिली ते चौथीची पोरं आणि हातात दीड तास, तर आधी विषयच कापा. आदिमानवापासून सगळं एका दमात उरकायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. मी हडप्पा घेते, तेही तीनच गोष्टी: उत्खनन, शिक्का, वीट.

उत्खननासाठी पाच पोरांमागे एक पसरट टब. खाली काळी माती, मध्ये वाळू, वर लाल माती, थर वेगवेगळ्या रंगाचेच हवेत, नाहीतर खालचं जुनं आणि वरचं नवं हे कळणार कसं! मातीचं एक साधं मडकं जाड पिशवीत घालून आदल्या दिवशीच फोडा, कडा पॉलिशपेपरने घासून बोथट करा, आणि एक तुकडा मुद्दाम काढून ठेवा. तो शोधताना पोरं जी डोकी लावतात ना, ते बघण्यासारखं असतं, आणि शेवटी त्यांना सांगायचं की खऱ्या उत्खननातही सगळे तुकडे क्वचितच मिळतात. टबावर दोरा आडवाउभा बांधून चौकोन पाडा, तसाच चौकोनांचा कागद प्रत्येक ग्रुपला द्या, वस्तू दिसली की आधी कागदावर मांडायची मगच उचलायची, हा नियम सुरुवातीलाच सांगा कारण एकदा ओरबाडायला लागली की संपलं. जुने टूथब्रश, चमचे, ट्रे. खुरपं नको, मडक्याचे आणखी तुकडे होतात. आणि हो, सगळ्यात खालच्या थरात एक पेनाचं टोपण पुरा, मग विचारा हे इथे कसं आलं. उंदराच्या बिळातून नवीन वस्तू खाली घसरते, असं खऱ्या उत्खननातही होतं.

शिक्क्यासाठी माणशी एक साबणवडी, शिवाय तीन-चार जास्तीच्या, कारण कोणाची तरी मोडतेच. हडप्पाचे बरेचसे शिक्के स्टिएटाइट या मऊ दगडाचे, साधारण अडीच सेंटिमीटरचे चौकोनी, म्हणून साबण बरा पडतो. वडी आधी स्वतः कोरून बघा, फार वाळलेली असेल तर टवके उडतात. चाकू अजिबात नको, टूथपिक नाहीतर रिफिल संपलेलं बॉलपेन पुरतं. चित्र उलटं कोरायचं हे आधी सांगू नका. चिकणमातीवर दाबल्यावर आपलं नाव उलटं उमटलं की जे तोंड होतं, तिथेच अर्धा धडा शिकून होतो. फळ्यावर शिंगवाल्या प्राण्याच्या शिक्क्याचं मोठं चित्र लावा, आणि त्यावरच्या खुणांचा अर्थ कोणी विचारला तर आपल्या मनाने ठोकून देऊ नका. ही लिपी अजून वाचता आलेली नाही, एवढंच सांगायचं. मोठ्यांनाही येत नाही म्हटलं की पोरं एकदम खूश होतात.

विटेचं काम कमी वेळाचं. पुठ्ठ्याचा साचा अडीच बाय पाच बाय दहा सेंटिमीटर, म्हणजे जाडी, रुंदी, लांबी एकास दोनास चार. हडप्पाच्या विटांचं प्रमाण हेच, ते सांगायचं नाही, मोजपट्टी हातात द्यायची. साच्याला आतून प्लास्टिकचा कागद लावा नाहीतर माती चिकटून बसते. ओली वीट त्या दिवशी वाळत नाही, म्हणून तीन-चार विटा आठवडाभर आधी करून ठेवा, रचून बघायला तरी मिळतात. रचताना खालच्या दोन विटांच्या फटीवर वरची वीट ठेवायची की एकावर एक सरळ, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, भिंत पडली तर उत्तम.

बाकी बादल्या दोन, फडकी भरपूर, जमिनीवर जुनी चादर. कोणाला जखम असेल किंवा त्वचेचा त्रास असेल तर त्याला मातीऐवजी कागदावर नोंदीचं काम, हे त्यांच्या बाईंना आधीच विचारून ठेवा. शिक्क्यांच्या मागे नावं लिहायला मार्कर विसरू नका, नंतर सगळ्या वड्या सारख्याच दिसतात आणि भांडणं होतात.