मांडीच्या हाडावरचे उंचवटे आणि स्नायू कसे ओळखायचे

मेडिकल नाहीतर फिजिओच्या फर्स्ट इयरला असाल किंवा नुसती उत्सुकता म्हणून वाचत असाल, यादी पाठ करत बसू नका, फीमर म्हणजे मांडीचं हाड पाठांतराने डोक्यात राहत नाही. एक हाड नाहीतर मॉडेल मिळवा, आणि स्वतःचा पाय तर आहेच.

पहिलं काम, हाड उजवं की डावं. गोल डोकं वर धरा, गुळगुळीत आणि किंचित फुगीर बाजू पुढे, खरबरीत कडा मागे. आता डोकं तुमच्या डावीकडे वळलं असेल तर हाड उजव्या पायाचं.

मग उभे राहा, कमरेच्या हाडाच्या कडेपासून साधारण तळहाताच्या रुंदीइतकं खाली बाहेरच्या बाजूला तळवा ठेवा आणि पाय आत-बाहेर फिरवा, हाताखाली जो टणक उंचवटा सरकतो तो ग्रेटर ट्रोकँटर. आता दुसरा पाय उचला, उंचवट्याच्या वरचा भाग घट्ट होतो ना, तो ग्लुटियस मीडियस हा कमरेच्या बाजूचा स्नायू, त्याच्याखाली ग्लुटियस मिनिमस, दोघंही इथेच येऊन चिकटतात. हे दोघं ढिले पडले की उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकते आणि माणूस झोकांड्या देत चालतो. लेसर ट्रोकँटर आत-मागे लपलेला, तो हाताला लागत नाही. सोआस आणि इलियाकस तिथे जातात, गुडघा वर उचलणारे तेच.

आता मागची खरबरीत कडा, लिनिया अस्पेरा. सगळी गर्दी इथेच. बाहेरच्या काठाला व्हास्टस लॅटरॅलिस, आतल्या काठाला व्हास्टस मीडियालिस, मधे अडक्टर मंडळी (पाय आत ओढणारे स्नायू) आणि मांडीच्या मागच्या बायसेप्स फेमोरिसचं छोटं डोकं. बाहेरचा काठ वर ग्लुटियल ट्यूबरॉसिटी या खरबरीत उंचवट्याला मिळतो, तिथे ग्लुटियस मॅक्सिमस हा ढुंगणाचा मोठा स्नायू, पण त्याचा थोडाच भाग, बाकी बहुतेक इलिओटिबियल ट्रॅक्ट या मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड पट्ट्यात जातो (व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात).

खुर्चीवर बसून मांडीच्या आतल्या बाजूने बोटं गुडघ्याकडे न्या, दोरीसारखा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा भाग) लागेल, तो ज्या टेंगळावर संपतो तो अडक्टर ट्यूबरकल आणि टेंडन अडक्टर मॅग्नसचा. बोट हळू दाबा, चरबी जास्त असेल तर पटकन सापडत नाही.

आणि क्वाड्रिसेप्स म्हणजे मांडीच्या पुढच्या चार स्नायूंच्या गटातला रेक्टस फेमोरिस फीमरला चिकटतच नाही, तो कमरेच्या हाडावरून निघून सरळ गुडघ्याच्या वाटीकडे जातो, त्यामुळे त्याची जागा फीमरवर शोधू नका.