ट्रेलर डुलत असेल तर आधी दांड्यावरचा भार मोजा

तीनचाकी मोटरसायकलला जोडलेला छोटा ट्रेलर वेग वाढताच डावी-उजवीकडे डुलू लागला, तर बहुतेक वेळा जड सामान मागच्या बाजूला रचलेले असते, आणि ही चूक घरातल्या साध्या वजनकाट्यावर पकडता येते.

प्रवासाला न्यायचे सगळे सामान भरून ट्रेलर सपाट जागी उभा करावा आणि चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत. काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून ट्रेलरच्या दांड्याचे टोक त्यावर टेकवावे. मात्र टोकाची उंची ते हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) बसते तेवढीच असावी, नाहीतर आकडा फसवा येतो. ठोकळ्याचे वजन वजा केल्यावर उरणारा भार भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा, म्हणजे ९० किलोला ९ ते साडेतेरा किलो. तो कमी भरल्यास जड वस्तू चाकांच्या आसाच्या पुढे घ्याव्यात; पाण्याने भरलेला कॅन वीतभर सरकवला तरी काटा हलतो.

हिचवर कोरलेली भाराची मर्यादा मात्र ओलांडू नये, कारण दांडा फार जड झाल्यास तीनचाकीचे पुढचे एकटे चाक हलके पडते आणि वळणावर हँडल नीट ऐकत नाही.