कार्डिगनचे भाग लांबीला जुळत नाहीत? या चुका टाळा

मुंबईत स्वेटर कशाला विणता, असं बोरिवली गाडीच्या लेडीज डब्यात मला कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं: भाची नाशिकला असते. तिच्याच कार्डिगनची ही गोष्ट. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले. शिवायच्या आधी ते एकमेकांवर ठेवले, तर डावा चांगला दोन सेंटीमीटर लांब! आणि मी दोन्ही वेळा टेप लावून मोजलं होतं.

टेपवर विसंबले, तीच चूक. एकदा मोजलं गाडीत, मांडीवरच्या पर्सवर, सुईला वीण लोंबत असताना. दुसऱ्यांदा घरी, गादीवर. वीण लोंबली की स्वतःच्या वजनाने ताणली जाते, गादीवर दबते, आणि आखूड सुईवर टाके दाटले असतील तर वरचा भाग आकसतो. माप घ्यायचंच असेल तर टाके वायरच्या लांब सुईवर मोकळे करा, वीण टेबलावर सपाट ठेवा आणि कडेला नव्हे, मधोमध सरळ मोजा. व्ही गळ्याची तिरकी कड तर कधीच मोजू नका, ती नेहमी जास्त भरते. पण माझं ऐकाल तर दोन भाग जुळवायला टेप नकोच. ओळी मोजा.

भाग आधीच बिघडला असेल तरी सुरुवात इथूनच करायची. बॉर्डरच्या वरपासून मुंढ्यापर्यंत दोन्हीकडच्या ओळी मोजा. सुलट बाजूला एकावर एक इंग्रजी 'व्ही' दिसतात, एक 'व्ही' म्हणजे एक ओळ. सगळ्याच ओळी सुलट विणल्या असतील तर मात्र एक उंचवटा म्हणजे दोन ओळी. ओळी कमीजास्त निघाल्या तर मोजणी चुकली. ओळी सारख्या आणि लांबी वेगळी, तर तुमचा हात, म्हणजे विणण्याचा घट्टसैलपणा, बदलला. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून मोजल्याशिवाय उसवायला घेऊ नका.

एका ओळीचा फरक असेल तर तो गुन्हा नाही. टाके ओळीच्या सुरुवातीला बंद करतात. त्यामुळे डाव्या भागाचा मुंढा सुलट ओळीला सुरू होतो आणि उजव्याचा उलट ओळीला. तिथे एक ओळ मागेपुढे होणारच.

हात बदलणं जास्त त्रासाचं. दहा सेंटीमीटरला 30 ओळी येणारा हात थोडा सैल होऊन 28 वर आला, तर 120 ओळींचा भाग 40 ऐवजी जवळजवळ 43 सेंटीमीटर भरतो. अंधेरीपर्यंत उभ्याने विणलेलं आणि पुढे जागा मिळाल्यावर विणलेलं यांतही फरक पडतो. गणपतीत बाजूला ठेवलेलं काम दिवाळीनंतर हातात घेतलं तर पहिल्या काही ओळी हमखास वेगळ्या येतात. एक भाग स्टीलच्या आणि दुसरा बांबूच्या सुयांवर विणला तरी तेच. सुयांच्या नंबरांचा घोळ तर विचारू नका. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकेतून कोणी 8 नंबरची सुई आणून दिली तर ती 5 मिलिमीटरची असते. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

आता दुरुस्ती. दोन-तीन ओळींचा फरक शिवणीत जिरतो. जिथे दोन्हीकडची, दोन टाक्यांमधली एकेक आडवी दोरी सुईने उचलतो, तिथे लांब बाजूच्या मधूनमधून दोन उचलायच्या. हे अंतराअंतराने करा, एकाच जागी केलंत तर चुणी पडते. त्याहून जास्त फरक असेल तर मुंढ्याच्या खालपर्यंत उसवा. उसवण्याआधी जिथे थांबायचं त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. साधी सुलट-उलट वीण असेल तर बॉर्डरच्या वर एक ओळ सोडवून, टाके सुईवर घेऊन खाली विणत लांबी वाढवता येते. जाळीच्या किंवा वेणीच्या नक्षीत हे करू नका. खाली विणताना टाका अर्धा सरकतो आणि नक्षी मोडलेली दिसते.

ओढून, इस्त्री करून लांबी जुळवायचा मोह टाळा. खरी लोकर ओली करून, टाचण्या लावून सपाट वाळवली तर थोडी ऐकते. आपण घेतो ती लोकर बहुतेक वेळा ॲक्रिलिक, तिच्यावर गरम इस्त्री टेकली की वीण कायमची चपटी होते. ओला भाग गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकू नका, पाण्याच्या वजनाने लोंबेल. पावसाळ्यात टॉवेलवर पसरून पंख्याखाली ठेवा, दोन दिवस लागले तर लागू देत.

कधीकधी भाग जुळलेलेच असतात, घात बटणपट्टी करते. कडेचे टाके कमी उचलले की पट्टी आकसते आणि पुढची बाजू वर चढते. साध्या विणीत चार ओळींमागे तीन टाके हा माझा हिशोब, तोही दोन्ही कडांना सारखा.

भाचीच्या कार्डिगनमध्ये डाव्या भागात सहा ओळी जास्त होत्या. मुंढ्यापर्यंत उसवला. तेव्हापासून पुढचे दोन्ही भाग मी एकाच लांब सुईवर, दोन गुंडे घेऊन शेजारीशेजारी विणते. ओळी आपोआप जुळतात, हातही दोन्हीकडे सारखाच पडतो. बाह्यांचंही तसंच. फक्त हे गाडीत जमत नाही, दोन गुंडे दोन बाकांखाली जातात. गाडीत मी आता पाठच विणते.